आडवा कॅमेरा घ्यायचाय? आधी एक लग्नपत्रिका कापा

लोणारच्या विवराच्या काठावर आलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांत काय करतो, ते मला आता पाठ झालंय. मोबाइल काढतो, पॅनोरमा लावतो आणि पाय रोवून डावीकडून उजवीकडे वळायला लागतो. अर्ध्यात मोबाइल कुरकुरतो, हळू फिरवा म्हणतो. मग परत पहिल्यापासून. घरी गेल्यावर तो फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातो, तिथं बोटाएवढी चिंधी होऊन बसतो आणि कुणीही तो मोठा करून बघत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला आमचा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो. वडिलांच्या वेळची डार्करूमही आहे, फक्त तिच्यात आता अल्बमचे खोके रचलेत. गेल्या काही वर्षांत फिल्मचं वेड पुन्हा अंगात आलेली पोरं अधूनमधून येतात. आजोबांचा कॅमेरा दाखवतात, रोल कुठं मिळतो विचारतात, आणि लोणार पाहून आलेली असली की हमखास पुढचा प्रश्न टाकतात, "काका, पॅनोरमाचा फिल्म कॅमेरा घेऊ का?" मी स्वतः वर्षभर याच प्रश्नात घोळत होतो. शेवटी पुण्याच्या एका मित्राचा कॅमेरा महिनाभर मागून आणला आणि जिल्हाभर हिंडवला. त्या महिन्यानं जे शिकवलं ते इथं मांडतो. घ्या किंवा घेऊ नका असं एका शब्दात सांगणार नाही. कसं ठरवायचं तेवढं सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 'पॅनोरमिक' या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यातली एक चक्क फसवी आहे. १९९०च्या दशकातल्या कितीतरी साध्या कॅमेऱ्यांवर 'पॅनोरमा' असा एक खटका असायचा. तो सरकवला की आत वरून-खालून दोन पट्ट्या पुढे येतात आणि ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फ्रेममधला मधला १३ मिलिमीटरचा भाग तेवढा उरतो. नजर एका अंशानंही रुंदावत नाही. वरचं-खालचं झाकलं जातं, इतकंच. हे काम कात्रीनंही होतं. जुन्या सामानाच्या जाहिरातीत असा कॅमेरा 'पॅनोरमिक' म्हणून जास्त पैशाला दिसला तर पुढे सरका.

दुसरा प्रकार सपाट पाठीचा. यात भिंग नेहमीसारखं स्थिर असतं, फक्त फ्रेम लांब असते. हॅसलब्लाडचा एक्सपॅन हा यातला सगळ्यांत नावाजलेला. १९९८ साली तो फुजीफिल्मबरोबर निघाला, जपानात फुजीनं तोच टीएक्स-१ म्हणून विकला, आणि २००६मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. साध्या ३५ मिलिमीटर रोलवर तो २४ बाय ६५ मिलिमीटरची फ्रेम काढतो. तिसरा प्रकार फिरत्या भिंगाचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला होरायझन, जपानचा वाइडलक्स, जर्मनीच्या ड्रेस्डेनचा नोब्लेक्स हे त्यातले. चौथा प्रकार १२० रोलवर ६ बाय १७ सेंटिमीटरची निगेटिव्ह काढणारा, फुजी किंवा लिन्हॉफचा अवजड कॅमेरा. त्यात एका रोलमध्ये चार फोटो. भिंतभर प्रिंट विकण्याचा धंदा नसेल तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं, मीही या लेखात जाणार नाही.

फिरतं भिंग म्हणजे काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. मित्राचा होरायझन-२०२ हातात आला तेव्हा मी अर्धा तास रोल न भरता नुसता चालवत बसलो होतो. भिंग एका उभ्या नळकांड्यात बसवलेलं. नळकांड्याच्या मागच्या अंगाला अरुंद उभी फट. फिल्म मागे सपाट नसते, कमानीसारखी वाकवून ताणलेली असते. खटका दाबला की नळकांडं गर्रकन फिरतं आणि ती फट फिल्मवरून झाडू मारल्यासारखी या टोकापासून त्या टोकाला जाते. २८ मिलिमीटरचं भिंग, १२० अंशांची नजर, २४ बाय ५८ची फ्रेम. सगळं यांत्रिक, सेल लागत नाही. लाइटमीटरही नाही, तो मोबाइलमध्ये घ्यायचा. लोणारच्या काठावरचा वॉचमन माझा हा खेळ बराच वेळ बघत होता. म्हणाला, "मोबाइलमधी सारं येते ना भाऊ, मंग हे कायले?"

त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला कॅमेरा विकत घ्यावा लागत नाही, जुनी लग्नपत्रिका पुरते.

जाड पुठ्ठ्याची पत्रिका घ्या. तिच्यात १२ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. आता पत्रिका कमानीसारखी वाकवा, एक डोळा मिटा आणि खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून साधारण ६ सेंटिमीटरवर धरा. तुम्हाला जे दिसतंय ते होरायझनला दिसतं. आकडे मी मनानं टाकलेले नाहीत. कॅमेऱ्याच्या आतली मापं, २८ मिलिमीटरचं भिंग, ५८ बाय २४ची फ्रेम, साधारण दुपटीनं वाढवली आहेत. एक्सपॅनची नजर बघायची असेल तर दुसरी पत्रिका घ्या, खिडकी १३ बाय ४.८ सेंटिमीटरची कापा, ती न वाकवता सपाट ठेवा आणि डोळ्यापासून ९ सेंटिमीटरवर धरा. ही त्याच्या नेहमीच्या ४५ मिलिमीटर भिंगाची नजर. त्याचंच ३० मिलिमीटरचं भिंग बघायचं तर तीच खिडकी ६ सेंटिमीटरवर आणा.

या दोन पत्रिका महिनाभर खिशात किंवा गाडीच्या डिकीत ठेवा. जिथं फोटो काढावासा वाटेल तिथं आधी पत्रिकेतून बघा आणि घरी आल्यावर वहीत दोन शब्द लिहा, कुठं, काय, आणि खिडकीत काय नको ते आलं. ही शेवटची नोंद महत्त्वाची. आपल्याला वाटतं, आडवा कॅमेरा म्हणजे जास्त मावणार. बाजूंना मावतं हे खरं, पण वरून आणि खालून तो निर्दयपणे कापतो. माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा 'वर नुसतं आभाळ' आणि 'पुढे नुसता डांबरी रस्ता' हेच लिहिलेलं सापडलं. राजूर घाटात उभं राहून खालचा मुलूख बघताना खिडकी भरून आली. बुलढाण्यातल्याच एका गल्लीत तीच खिडकी दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये लांब दिसणारी एक सायकल, एवढ्यावर संपली.

पत्रिका कापायचाही कंटाळा असेल तर आपला जुना अल्बम काढा. सहा बाय चार इंची प्रिंटवर वरून-खालून दोन कोरे कागद ठेवून मधली अडीच इंचांची पट्टी उघडी ठेवा. शंभर फोटोंत किती फोटो अशा पट्टीत जास्त बरे दिसतात ते मोजा. माझ्या शंभरात नऊ निघाले, आणि त्यातले चार शाळांचे ग्रुप फोटो होते.

आता लोणार, कारण आपल्या जिल्ह्यात हा कॅमेरा घ्यायची इच्छा बहुतेकांना तिथंच होते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आतल्या तळ्याचा सुमारे १.२ किलोमीटर, आणि काठापासून पाणी साधारण १४० मीटर खाली. एवढ्या तीन आकड्यांवर शाळेतल्या त्रिकोणमितीनं बरंच काही सुटतं. काठावर उभं राहिलं तर तळं डावीकडून उजवीकडे सुमारे ८४ अंश पसरलेलं असतं. समोरचा किनारा क्षितिजाच्या जेमतेम ५ अंश खाली आणि आपल्या पायाकडचा किनारा सुमारे २५ अंश खाली. म्हणजे डोळ्याला तळं गोल दिसतच नाही. ८४ अंश रुंद आणि २० अंश उंच अशी ती चपटी ताटली आहे. आडव्या फ्रेमसाठीच घडवल्यासारखी.

मग प्रत्येक कॅमेरा या ताटलीचं काय करतो? साध्या कॅमेऱ्याचं २८ मिलिमीटर भिंग ६५ अंश बघतं, तळ्याच्या दोन्ही कडा कापल्या जातात. एक्सपॅनचं ४५चं भिंग ७२ अंश बघतं. एवढा महागाचा कॅमेरा, तरी तळं अपुरंच. त्याला ३०चं भिंग लावलं तर ९४ अंश मिळतात आणि तळं दोन्ही बाजूंना थोडा श्वास घेऊन बसतं. होरायझनमध्ये १२० अंश, तळंही येतं आणि दोन्हीकडच्या कड्यांचे खांदेही. वॉचमनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की आजकालच्या बऱ्याच मोबाइलमधलं ०.५चं भिंगही शंभराच्या आसपास अंश बघतं. नुसतं मावायचंच असेल तर खरंच ते मोबाइलमध्ये मावतं.

होरायझनचा खरा घोळ पुढे आहे. कॅमेरा अगदी समतल धरला तर त्याची नजर खाली २३ अंशांपर्यंतच पोहोचते. पायाकडचा किनारा २५ अंशांवर. म्हणजे दोन अंशांनी तळ्याचा जवळचा काठ सुटतो आणि वरच्या अर्ध्या फ्रेममध्ये कोरं आभाळ. माझा पहिला रोल सगळा असाच गेला. दुसऱ्या वेळी मी कॅमेरा दहा अंश खाली झुकवला. पाणी पूर्ण आलं, पण पलीकडचा सरळ कडा मधोमध टेकडीसारखा फुगून वर आला. फिरत्या भिंगाचा हा स्वभावच आहे. खाली झुकवलं की क्षितिज उलट्या परातीसारखं होतं, वर उचललं की सुलट्या. दहा अंशांच्या झुकावाला हा फुगवटा निगेटिव्हवर अडीच मिलिमीटर भरतो, आणि फ्रेमची उंचीच मुळी २४ मिलिमीटर. होरायझनच्या डोक्यावर पाणपातळीचा बुडबुडा दिलाय आणि तो व्ह्यूफाइंडरमधूनही दिसतो, तो शोभेचा नव्हे. सपाट पाठीच्या एक्सपॅनमध्ये क्षितिज वाकत नाही, झुकवलं तर फक्त झाडं जराशी तिरपी होतात. तेव्हा लोणारसाठी योग्य यंत्र कोणतं, याचं प्रामाणिक उत्तर ३० मिलिमीटर भिंगाचा एक्सपॅन असं येतं, आणि त्याची जुन्या बाजारातली किंमत चांगल्या मोटारसायकलच्या पुढे जाते. एका तळ्यासाठी मोटारसायकल द्यायची का, हे ज्याचं त्यानं घरी विचारून ठरवावं.

रंगाचंही जाता जाता सांगतो. २०२०च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचा अभ्यास केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं. त्या जूनमध्ये कृष्णधवल रोल घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती नुसतं करडं पाणी आलं असतं. रंगीत रोल महाग पडतो म्हणून लोणारला कायम कृष्णधवलच वापरायचं ठरवत असाल तर हे ध्यानात असू द्या.

फिरत्या भिंगाच्या बाकी खोड्या सिंदखेड राजाला कळल्या. लखुजी जाधवांच्या राजवाड्यासमोर उभा राहिलो, जिजाऊंचं जन्मस्थान, दगडी दर्शनी बाजू लांबलचक, सरळ. निगेटिव्हवर ती धनुष्यासारखी वाकून आली, मधला भाग अंगावर येणारा आणि टोकं दूर पळालेली. कुणाला हे आवडतं. मला इमारतीच्या बाबतीत अजिबात आवडत नाही, वाड्याची भिंत गरोदर दिसू नये. मोती तलावावर मात्र तोच कॅमेरा गुणी पोरासारखा वागला, कारण पाण्याला सरळ रेषाच नव्हती.

यातूनच लग्नाच्या आणि शाळेच्या कामाला एक युक्ती मिळते. सरळ ओळीत बसलेली पंगत फिरत्या भिंगानं घेतली तर मधले वऱ्हाडी मोठे आणि टोकाचे पाव्हणे मुंगीएवढे येतात. तेच लोक कॅमेऱ्याभोवती कमानीत, सगळे सारख्या अंतरावर उभे केले तर फोटोत ओळ सुतासारखी सरळ येते. शंभर वर्षांपूर्वी फिरत्या सर्कट कॅमेऱ्यानं मोठमोठे ग्रुप फोटो काढायचे तेव्हाही माणसं अशीच अर्धवर्तुळात बसवायचे. मी एका शाळेच्या दहावीच्या वर्गावर हे करून पाहिलं. दोरी घेतली, एक टोक ट्रायपॉडला बांधलं, दुसरं हातात धरून मैदानावर चुन्याची कमान आखली. मुलं त्या रेषेवर. पूर्ण महिन्यातला तो माझा सगळ्यांत चांगला फोटो.

चालत्या माणसांचं वेगळं. भिंगाची नजर डावीकडून उजवीकडे फिरताना माणूसही त्याच दिशेनं चालत असला तर तो लांबतो, समोरून उलटा येत असला तर चेपतो. शेगावला दिंडी बघताना हे पुरतं लक्षात आलं. एकाच फ्रेममध्ये एक टाळकरी आडवा पसरलेला आणि दुसरा काडीसारखा. आणि फिरत्या कॅमेऱ्याला फ्लॅश जवळपास निरुपयोगी, कारण फ्लॅश क्षणभर चमकतो तेव्हा फट फ्रेमच्या एकाच पट्टीवर असते. म्हणजे रात्रीची वरात, हॉलमधलं लग्न, सगळं बाद. लग्नाच्या पैशातून कॅमेरा वसूल करू असा हिशेब मनात असेल तर तो आत्ताच पुसून टाका.

कॅमेरा उभा धरायचं मात्र विसरू नका. नांदुऱ्याला हमरस्त्यालगत १०५ फुटी हनुमान आहे. साध्या कॅमेऱ्यात तो मावायला रस्ता ओलांडून मागे-मागे जावं लागतं. होरायझन उभा धरून मी जवळून घेतला. पायापासून मुकुटापर्यंत आला, पण मधला भाग जरा जास्तच भरला. मारुतीराया समजून घेतील.

आता खर्च, ज्यावर बहुतेकांचा निर्णय अडतो किंवा अडायला हवा. कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यायची असते, रोलची दर वेळी. ३६ फोटोंच्या रोलवर एक्सपॅन २१ फ्रेम देतो, होरायझनच्या साधारण तितक्याच, एखादी वर. तुमच्याकडचे ताजे भाव घ्या: रोल, धुलाई, स्कॅनिंग, आणि लॅबपर्यंतचं कुरिअर दोन्ही बाजूंनी. बेरीज करा, २१नं भागा. जी रक्कम येईल ती एका फोटोची. आपल्याकडे हे कुरिअर विसरून चालत नाही, मेहकर काय आणि मलकापूर काय, रोल मुंबई-पुण्यालाच जातो. माझे वडील उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' वापरायचे. तो कारखाना बंद पडला, आता कृष्णधवल रोल इंग्लंड, अमेरिका नाहीतर चेक प्रजासत्ताकातून येतो आणि त्याचा भाव रुपयाकडे बघून ठरत नाही. कृष्णधवल घरी धुता येतं. टाकी, रीळ, रसायनं, सगळं साध्या ३५ मिलिमीटरचंच चालतं, पॅनोरमिकसाठी वेगळं काही लागत नाही. उन्हाळ्यात खामगाव-शेगावकडे नळाचं पाणी कोमट येतं, तेव्हा रसायनाच्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून तापमान उतरवायचं, एवढीच कसरत.

लॅबकडे टाकणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. माझा तिसरा रोल मी एका लॅबला पाठवला, कॅमेरा कोणता ते लिहिलं, पण एक वाक्य लिहायचं राहिलं. रोल परत आला तो नेहमीप्रमाणे सहा-सहा फ्रेमच्या हिशेबानं कापलेला. त्यांचा हिशेब ३६ मिलिमीटरच्या फ्रेमचा, माझी फ्रेम ५८ची. लोणारच्या कड्यावर सूर्य टेकलेला तो एक फोटो बरोबर सूर्यातून कापला होता. दोन तुकडे, दोन पाकिटांत. चूक अर्धी माझी. तेव्हापासून पाकिटावर लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहितो: 'लांब फ्रेम आहेत, निगेटिव्ह कापू नका, अख्खी गुंडाळून पाठवा.' स्कॅनिंगचंही आधी फोनवर विचारून घ्या. बऱ्याच लॅबची यंत्रं साध्या फ्रेमसाठी बसवलेली असतात, लांब फ्रेम सपाट स्कॅनरवर वेगळी करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. स्वतः प्रिंट काढणाऱ्यांनी घरचा इन्लार्जर बघावा. फक्त ३५ मिलिमीटरचा असेल तर ५८ची फ्रेम त्यात मावणार नाही, ६ बाय ७ किंवा त्याहून मोठी निगेटिव्ह घेणारा लागेल.

एवढं करून घ्यायचं ठरलंच, तर जुना कॅमेरा दुरून विकत घेताना फिरत्या भिंगाची एक खोड आधी पकडा. आतलं ग्रीस सुकलं असेल किंवा धूळ बसली असेल तर नळकांडं एकसारखं फिरत नाही, जरा अडखळतं. जिथं अडखळतं तिथं फिल्मला जास्त प्रकाश मिळतो आणि फोटोवर उभे फिकट पट्टे येतात. झाडाझुडपांत ते लपतात, कोऱ्या आभाळात उघडे पडतात. म्हणून विकणाऱ्याकडे निसर्गाचे सुंदर फोटो मागू नका, नुसत्या आभाळाचा किंवा चुन्यानं रंगवलेल्या भिंतीचा फोटो मागा. तो नसेल तर सगळ्यांत मंद गतीवर भिंग फिरतानाचा व्हिडिओ मागा आणि डोळे मिटून आवाज ऐका. एकसारखी घरघर हवी, मध्ये खाकरणं नको. हाती आल्यावर पहिला रोल मे महिन्याच्या पांढऱ्या आभाळावर घालवा. वाया गेला असं समजू नका.

एक्सपॅनची गोष्ट उलटी. तो इलेक्ट्रॉनिक आहे, सीआर-२ सेलवर चालतो, बिघडला तर सुटे भाग मिळणं दुरापास्त. होरायझन आपल्याकडचा एखादा जुना, हात बसलेला कॅमेरा-दुरुस्तीवाला निदान उघडून बघायला तयार होतो. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क किती लागेल ते पैसे पाठवण्याआधी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या.

होरायझनमध्ये रोल भरताना फिल्म दोन्ही बाजूंच्या रुळांखालून न्यावी लागते. घाईत वरून गेली की सगळा रोल फुकट. त्याच्या तळाला मूठ लावायची सोय आहे ती लावाच. नाहीतर १२० अंशांच्या कोपऱ्यात तुमचीच बोटं येतात, माझी पाच फोटोंत आली. उन्हात ४००चा रोल टाळा. कॅमेऱ्याची सर्वांत जलद गती १/२५० आणि छिद्र एफ/१६, भर दुपारी ४००ला तेवढ्यानं भागत नाही. १००चा रोल बरा. आभाळ गडद करायला पोलरायझर लावण्याच्या भरीस पडू नका, एवढ्या रुंद आभाळात ते एका बाजूला काळंनिळं आणि दुसरीकडे फिकं उतरतं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत, लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात म्हणा, ट्रायपॉड लावण्याआधी परवानगीचं विचारा.

काहींना हे सगळं वाचून वाटेल की नको बाबा. त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे. गावोगावच्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात अजून मामिया आरबी-६७ सारखे १२० रोलचे कॅमेरे पडून आहेत. त्यांत ३५ मिलिमीटरचा रोल बसवायला प्लॅस्टिकचे छोटे अडॅप्टर मिळतात. मग ६ बाय ७च्या जागी पूर्ण रुंदीची, दातेरी भोकांसकट लांब पट्टी मिळते. भिंग स्थिर, म्हणून काही वाकत नाही. त्रास एवढाच की रोल परत गुंडाळायची सोय नसते, अंधाऱ्या पिशवीत हात घालून काढावा लागतो, आणि फ्रेमचा आकडा कॅमेरा चुकीचा दाखवतो. ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांनी पैसे खर्चायच्या आधी हे करून बघावंच. आणि ज्यांना फिल्मशी देणंघेणं नाही, फक्त भिंतीवर लांब फोटो हवाय, त्यांनी कुठलाही डिजिटल कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढवत सहा-सात फोटो घ्यावेत आणि हगिनसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडावेत. लोणारसारख्या दूरच्या दृश्यात सांधा दिसत नाही. फक्त समोरचं रेलिंग फ्रेमबाहेर ठेवा, सांधा चुकतो तो तिथं. फेलिचे बिआतोनं १८५८ साली लखनौ आणि दिल्लीची लांब दृश्यं अशीच वेगवेगळे प्रिंट शेजारी शेजारी चिकटवून केली होती, सॉफ्टवेअरऐवजी गोंद होता.

माझ्या वहीचा हिशेब सांगतो. महिन्यात ३१ वेळा पत्रिका डोळ्याला लावली. त्यातल्या १२ वेळा लोणार. उरलेल्या १९ पैकी मनापासून हवा असा फोटो सातदा. राजूर घाट, मोती तलाव, खामगावला जिनिंगबाहेर लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग, शाळेचा तो वर्ग, आमच्याच शेतात सोयाबीन काढणीनंतरचा ओसाड बांध, मारुती, आणि शेगावची दिंडी. सात म्हणजे महिन्याला रोलचा तिसरा हिस्सा. एकट्यानं कॅमेरा घ्यावा एवढं ते माझ्या लेखी नव्हतं. तुमच्या वहीत महिन्याला वीसच्या वर गेले आणि त्यात एकच जागा पुन्हा पुन्हा नसली, तर घ्या. दहाच्या खाली असतील तर मागून आणा, नाहीतर भागीदारीत घ्या.

आम्ही तेच केलं. मी, खामगावचा एक फोटोग्राफर आणि चिखलीचे एक निवृत्त शिक्षक, तिघांत मिळून एक होरायझन घेतला. चार-चार महिने एकेकाकडे. अट एवढीच की कॅमेरा पुढच्याला देताना आत कोरा रोल भरून द्यायचा आणि सोबत सिलिका जेलची पुडी. सध्या तो खामगावला आहे. त्याला अक्षय्य तृतीयेला भेंडवळची पीकपाण्याच्या भाकिताची घटमांडणी घ्यायची आहे, दुसऱ्या दिवशी पहाटे घटाभोवती शेतकरी गोल करून उभे राहतात ती. गोल माणसं, फिरतं भिंग. त्यानं मला फोनवर विचारलं, आत जायचं की बाहेरून घ्यायचं. मी म्हटलं, आत तर कुणी जाऊ देणार नाही, वर्तुळाच्या कडेवरच उभा राहा, बुडबुडा मध्ये ठेव, आणि या वेळी रोल मात्र ४००चाच भर, उजेड कमी असेल.